कोणाची विहीर गो?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. माहेरी चालले होते, धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या दुपारच्या फेरीबोटीने. ऊन असं की लोखंडी कठड्याला हात टेकवायची सोय नाही, खाली गाड्यांच्या मधे कोणाच्या तरी आंब्याच्या शेवटच्या पेट्या, कोणाच्या पिशवीतली सुकट, डिझेलचा वास, आणि खाडीवरून येणारा तो चिकट वारा जो घाम पुसत नाही, उलट जास्त लावून जातो. वर सावलीला बाकावर जागा मिळाली. शेजारी एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची असेल, मांडीवर सॅक आणि हातात मोबाईल. मला वाटलं रील्स बघतेय. पण ती काहीतरी पुटपुटत होती, मधेच डोळे मिटून, मधेच स्क्रीनवर बघून, आम्ही परीक्षेआधी बाराखडीसारखं पाठ करायचो ना, तसं. डोकावले तर संविधान. पूर्ण भारताचं संविधान, मराठीतून, एका ॲपमध्ये. कलमांची यादी, प्रत्येक कलमापुढे एक चांदणी, जी पाठ झालीत त्यांची पिवळी झालेली. म्हणाली, तलाठी भरतीची तयारी करतेय, रोज जाता-येता फेरीत दहा कलमं होतात, नेट लागत नाही म्हणून बरं, मधोमध खाडीत रेंज जाते.

तिच्या पलीकडे एक आजोबा बसलेले. पांढरी टोपी, गुडघ्याच्या वर धोतर, पायाशी रिकामा कॅन. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे. त्यांनी विचारलं, "काय वाचतेस गो बाय एवढं?" तिने सांगितलं. आजोबांनी मान हलवली, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यात पाण्याचं काय लिवलंय काय?" मुलगी एकदम खूश झाली, कारण हे तिला पाठ होतं. "हो तर, अकराव्या अनुसूचीत अकरावाच विषय आहे, पिण्याचं पाणी. एकोणतीस विषय आहेत, पंचायतींकडे द्यायचे." आजोबा म्हणाले, "आमची टाकी झाली, नळ झालं, पाणी नाय. ते असूदे. विहिरीचं काय लिवलंय काय?"

तिने शोधायच्या चौकोनात 'विहीर' टाईप केलं. काही आलं नाही. "नाही हो आजोबा, विहिरीचं काही नाही." आजोबा "बरं" म्हणाले, जणू त्यांना माहीतच होतं. पण ती हुशार मुलगी, तिला काहीतरी खटकलं, तिने शेवटची अक्षरं पुसून 'विहिर' केलं, ऱ्हस्व हि, आणि खट्कन एक ओळ वर आली. पंधरावं कलम, दुसरा खंड. अनेकवचनात होती ना ती, विहिरी, म्हणून हि ऱ्हस्व. दीर्घ ही लिहिली की संविधानात विहीर नाही, ऱ्हस्व लिहिली की आहे. तिने मोठ्याने वाचलं, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्यावरून कोणालाही अडवता येणार नाही, "विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा". इंजिनाच्या आवाजात ती जरा ओरडूनच वाचत होती त्यामुळे आजूबाजूच्या दोघा-चौघांनी वळून बघितलं.

आजोबा ऐकून गप्प राहिले. मग म्हणाले, "कोणाची विहीर गो?"

"सगळ्यांची, आजोबा," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात बोट जेटीला लागली, पुढची लोखंडी फळी धाडकन खाली पडली, टू-व्हीलर सुरू झाल्या, आणि उतरायच्या गडबडीत आजोबा कॅन घेऊन कुठे गेले ते कळलंच नाही. मुलगी हसून मला "येते हं" म्हणाली नि एसटीच्या दिशेने पळाली. मी मात्र दाभोळच्या जेटीवर उन्हात उभी, रिक्षा बोलवायची शुद्ध नाही, डोक्यात तो एकच प्रश्न. कारण मी ज्या घरी चालले होते त्या घराच्या मागे एक विहीर आहे आणि ती कोणाची हे मला चांगलं माहीत आहे. आमची.

जांभ्याची विहीर, आठ-दहा पायऱ्या उतरून मग कठडा, बाजूला दगडी डोण, वर रहाट. आता रहाट नाही, दादाने पंप बसवला, लाकडी रहाट काढून पडवीत कोपऱ्यात ठेवलाय. पण माझ्या लहानपणी, म्हणजे १९८४-८५ च्या सुमारास, सगळा दिवस त्या रहाटाच्या करकरीवर चालायचा. आमची विहीर आटत नाही. आमच्याकडे पाऊस किती पडतो हे कोणाला सांगायला नको, आणि चैत्रापासून पाण्यासाठी काय हाल होतात तेही सांगायला नको, सगळं पाणी उतारावरून खाडीत जातं, जांभा काही धरून ठेवत नाही. तर खालच्या वाडीची विहीर मार्च संपता संपता तळाला लागायची आणि मग तिथल्या बायका आमच्याकडे यायच्या. वरच्या वाडीच्याही यायच्या. वरच्या वाडीच्या बायका आपापली कळशी रहाटाला लावून पाणी काढायच्या, कठड्यावर बसून गप्पा मारायच्या, कोणी धुणंही आपटून घ्यायची. खालच्या वाडीच्या बायका पायऱ्यांच्या वरच थांबायच्या. कोणी सांगायचं नाही त्यांना, थांबा म्हणून. त्या थांबायच्याच. मग आजी उठायची.

आजीला मी उठताना बघितलंय. जेवत असली तरी ताट झाकून उठायची. "उन्हात उभ्या आहेत गो बिचाऱ्या," म्हणायची. पदर खोचायची, रहाट ओढायची, भरलेली कळशी घेऊन पायऱ्या चढायची आणि खाली चपट्या दगडावर ठेवलेल्या त्यांच्या भांड्यात वरून पाणी ओतायची. हातभर उंचीवरून. त्यातल्या एका बाईची ॲल्युमिनियमची कळशी होती, बुडाशी एका बाजूला मोठा पोचा आलेला, त्यावर धार पडली की वेगळाच आवाज यायचा, पोकळ, आणि मग भरत आली की तो आवाज बारीक बारीक होत जायचा. मला तो आवाज ऐकायला इतका आवडायचा की मी मुद्दाम जाऊन उभी राहायचे. धार थांबली की बाई डोक्यावर चुंबळ ठेवायची, दुसरीने हात लावून कळशी चढवायची, आणि जाताना ती माझ्याकडे बघून हसायची. तिचं नाव मला माहीत नव्हतं. आजी तिला "गो बाय" म्हणायची, ती आजीला "काकी".

दिवसाला वीस-वीस कळशा ओढायची आजी. रात्री तिचा उजवा खांदा भरून यायचा. मी खोबरेल कोमट करून चोळून द्यायचे, तिच्या खांद्याचं हाड बोटांना लागायचं, आणि मला इतका अभिमान वाटायचा तिचा. शाळेत "माझी आवडती व्यक्ती" असा निबंध आला की मी हेच लिहायचे, माझी आजी परोपकारी आहे, ती उन्हाळ्यात सगळ्यांना पाणी देते. बाईंनी चांगला शेरा पण दिला होता.

अजून एक आठवतं, ते आत्ताच सांगून ठेवते. दुपारी सगळे निजले की कधीतरी रहाट आपोआप वाजायचा. मी आईच्या कुशीत पडलेली असायचे, झोप तर येत नसायची, आणि मागून करकर करकर ऐकू यायचं. मी विचारायचे, "आई, रहाट कोण ओढतंय?" आई डोळे न उघडता म्हणायची, "वारा आहे. नीज." मला ते खरंच वाटायचं, मोठी होईपर्यंत मी मैत्रिणींना सांगत असे की आमच्या विहिरीवर वारा पाणी काढतो.

त्या रात्री माहेरी पडवीत बसून मी ते ॲप डाऊनलोड केलं. फुकटच आहे. पहिल्यांदा उघडलं की उद्देशिका येते, आम्ही भारताचे लोक. शाळेत परीक्षेपुरती पाठ केली होती, एका दमात, त्यामुळे त्यातला एकही शब्द कधी कानात राहिला नाही. मोबाईलवर अक्षर मोठं केलं तर एका वेळी स्क्रीनवर चारच ओळी मावतात, त्यामुळे सावकाश वाचावं लागतं आणि मग दिसायला लागतं. शेवटी आहे, "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत". अर्पण आपण देवाला करतो, नाहीतर मोठ्या माणसाला. इथे लोक स्वतःलाच करतायत. किती वेळ त्या एका शब्दावर थांबले होते मी. ॲपमध्ये वाचून दाखवायची सोय आहे, ते बटण दाबून बघितलं, तर एक मशीनमधली बाई जोडाक्षरांवर अडखळत, पूर्णविरामाला न थांबता घडाघडा वाचत सुटली. बंद केलं. दुपारी त्या मुलीने वाचलेलं कानात होतं, ते घालवायचं नव्हतं मला.

मग नाद लागला. तिथे चार दिवस राहिले, चारही रात्री तेच. मी काही कायदा शिकलेली नाही, बीकॉम करून पतपेढीत नोकरी केली, पण त्या शोधायच्या चौकोनात आपल्याकडचे शब्द टाकून बघायचं मला वेडच लागलं. मासे टाकलं, मग मत्स्य, मग मत्स्यव्यवसाय. सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत एकविसाव्या नंबरला मत्स्यव्यवसाय, आणि केंद्राच्या यादीत सत्तावन्नाव्याला तोच, फक्त क्षेत्रीय समुद्राच्या पलीकडचा. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासळी राज्याच्या खात्यात नि त्यापुढची दिल्लीच्या. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलावात जी सुरमई येते तिला काय माहीत ती कोणत्या यादीतली. अकराव्या अनुसूचीत तेराव्या विषयात रस्ते, पूल, जलमार्ग यांच्या जोडीला नावेतून पलीकडे नेणं पण आहे, म्हणजे ज्या फेरीत बसून आम्ही हे वाचत होतो तसली फेरी संविधानात आहे. आठव्या अनुसूचीत कोकणी, १९९२ ला आलेली. आणि ३७१ व्या कलमात महाराष्ट्र आहे, त्यात विदर्भ, मराठवाडा आणि "उर्वरित महाराष्ट्र". आम्ही त्या उर्वरितात. हे वाचून मला जरा लागलं, खरं सांगते. एवढा लांब किनारा आमचा, पण नावाने नाही कुठे.

माझ्या मनात लहानपणापासून संविधान म्हणजे काहीतरी लांबचं, दिल्लीतलं, २६ जानेवारीचं, झेंड्याचं होतं. फार तर कोर्टातलं. त्यात विहीर असेल, मासे असतील, फेरी असेल असं कधी वाटलंच नव्हतं. आणि ते लांबचं वाटायला तसं काही कारण पण नव्हतं. ते ज्यांनी लिहिलं त्यांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. लहानपणीची काही वर्षं त्यांची दापोलीत गेली. एसटीने आमच्या घरापासून जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येतं. मी पंचावन्न वर्षांची झाले, आंबडव्याला एकदाही गेले नाही. शाळेची सहल रायगडला गेली होती, महाडला स्टँडवर उतरवून आम्हाला वडापाव दिला, एक तास थांबलो होतो तिथे, आणि स्टँडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर चवदार तळं आहे हे कोणी बोललं नाही. कोणाला दाखवावंसं वाटलं नसेल, का सांगायचंच नव्हतं, मला माहीत नाही. मी स्वतः ते पहिल्यांदा बघितलं ते चाळिशी उलटल्यावर.

आता मूळ गोष्टीकडे येते. दुसऱ्या रात्री मी पंधरावं कलम परत उघडलं, सावकाश वाचलं. आणि त्यात दिसलं की मुलीने घाईत वाचताना मधला भाग सोडला होता. सगळ्याच विहिरी नाहीत. ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या आहेत किंवा सर्व जनतेच्या वापरासाठी नेमून दिलेल्या आहेत त्या विहिरी. म्हणजे सरकारी, सार्वजनिक. आमची तर पणजोबांनी स्वतःच्या पैशाने खणलेली, सातबाऱ्यावर नाव आमचं. आणि मी खोटं बोलणार नाही, ते वाचून मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. खासगी आहे आमची. संविधानात नाही बसत. आजीने कुठला नियम मोडला नाही.

हे बरं वाटणं पाच मिनिटं टिकलं असेल.

कारण हा शब्द मी आधी कुठेतरी वाचला होता. खासगी. चवदार तळ्याच्या वेळी हेच म्हटलं होतं लोकांनी. मुंबई विधिमंडळात १९२३ साली तिथले सदस्य सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या, महाडच्या नगरपालिकेने पण १९२४ ला तळं खुलं असल्याचा ठराव केला, आणि तरी प्यायला कोणी धजत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं. नंतर त्या तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं आणि वर कोर्टात दावा टाकला की तळं सार्वजनिक नाहीच, ते आमचं, पूर्वापार आम्हीच वापरतो. नऊ वर्षांहून जास्त चालला दावा. मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये, बाबासाहेबांच्या बाजूने. एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षं. ते सगळं मी वाचलेलं होतं, लोकांना सांगितलेलं पण होतं, १४ एप्रिलला पतपेढीच्या कार्यक्रमात त्यावर बोलले होते मी. आणि पडवीत बसून मोबाईलवर अंगठा फिरवताना माझ्या तोंडून आलेला पहिला शब्द तोच, खासगी.

मग खाली सरकवलं. सतरावं कलम. ते इतकं लहान आहे की अक्षर मोठं करूनही एका स्क्रीनवर मावतं. "अस्पृश्यता" नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध करण्यात आले आहे. पुढची ओळ, त्यातून येणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा शिक्षापात्र अपराध. इथे राज्याचा पैसा नाही, सार्वजनिक नाही, खासगी नाही. मी वकील नाही, खासगी विहिरीचं कोर्टात काय होईल ते मला सांगता यायचं नाही. पण "कोणत्याही स्वरूपातील" याचा अर्थ कळायला वकील व्हावं लागत नाही. हातभर उंचीवरून पडणारी धार, हे एक स्वरूप. पायऱ्यांच्या वरच थांबणं, हे एक. निःसमर्थता हा शब्द मी तीन वेळा वाचला. रहाट ओढू शकणाऱ्या धडधाकट बाईने दुसऱ्या बाईची वाट बघत उन्हात उभं राहणं, यापेक्षा वेगळी निःसमर्थता काय असते.

आणि वरच्या वाडीच्या बायका काढत होत्याच की स्वतःच्या हाताने. तेव्हा खासगी कुठे गेलं होतं.

२९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेने हे कलम मंजूर केलं. माझी आजी तेव्हा त्याच घरात नवी सून म्हणून आली होती. कलम मंजूर झालं तेव्हाही ती त्या विहिरीवर होती, संविधान लागू झालं तेव्हाही, आणि पस्तीस वर्षांनी मी तेल चोळत होते तेव्हाही. तिच्यापर्यंत कोणी ते पोचवलं नाही असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मी शाळेत होते, मला नागरिकशास्त्र होतं, पुस्तकात होतं ते, मी त्याच्यावर टिकमार्क केला होता, "योग्य पर्याय निवडा". ॲपमध्ये पण आहे तसंच, सराव चाचणी. दाबून बघितली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम कोणते, चार पर्याय, १७ वर बोट ठेवलं की हिरवी खूण येते आणि लगेच पुढचा प्रश्न, अठरावं, पदव्या. मी त्या मुलीला नावं ठेवत नाहीये. तिने ती चांदणी पिवळी करावी, तलाठी व्हावं, तिच्यासारखी पोरगी सातबारा लिहायला बसली तर मला आनंदच आहे, आणि तिच्याच ॲपमुळे मला हे दिसलं. फक्त ती हिरवी खूण आली तेव्हा मला पुढच्या प्रश्नावर जाता येईना.

आमच्याकडे कलम म्हटलं की आधी आंबा. अजूनही कोणी "तुमची किती कलमं" विचारलं तर झाडांचाच आकडा सांगतो आम्ही. वडिलांनी घरामागच्या उतारावर हापूसची कलमं लावली तीही माझ्या लहानपणीच्या त्याच वर्षांत. रायवळाची कोय रुजवायची, कोंब कोवळा असताना छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. वडिलांचा हात हलका होता, बांधलेली बहुतेक जगायची. पण पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात कलमांना पाणी द्यावं लागतं, आणि ते पाणी वर चढवायला खालच्या वाडीच्याच बायका यायच्या, मजुरीवर. त्याच बायका, तीच पोचा आलेली कळशी. विहिरीतून काढायची आजी, ओतायची वरून, आणि डोक्यावर घेऊन चढायच्या त्या. आज दादा ज्या झाडांच्या पेट्या भरतो त्या झाडांच्या मुळाशी त्यांनी आपल्या हाताने पाणी घातलंय. झाडाला त्यांचा हात चालत होता.

आजीवर राग येतो का, असं मी स्वतःला विचारलं. येत नाही, आणि येत नाही याचा त्रास होतो. ती दुष्ट असती तर सोपं होतं. ताटावरून उठणारी बाई होती ती. तिचा खांदा खरंच दुखायचा. जो दोर त्यांच्या हातात दिला असता तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं तो दोर हातात द्यायला नको म्हणून ती आयुष्यभर राबली, आणि त्या राबण्यालाच आम्ही सगळे चांगुलपणा म्हणत आलो. मी तर निबंध लिहिला.

चौथ्या दिवशी सकाळी आई पडवीत फणसाचे गरे सोलत बसली होती, हाताला तेल लावून, सुपात आठळ्या वेगळ्या. शहात्तर वर्षांची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचत नाही फारसं. मी म्हटलं, आई, एक वाचून दाखवते. आणि सतरावं वाचलं. तिने ऐकलं. "परत वाच," म्हणाली. परत वाचलं. मग मी विहिरीचं विचारलं, खालच्या वाडीच्या बायकांचं. आई आधी म्हणाली ते अपेक्षितच होतं, "आपण कधी कोणाला नाही म्हटलं नाही हो, पाणी दिलंच सगळ्यांना." मी म्हटलं, दिलं ना. आपण दिलं. आई गप्प झाली. मला वाटलं दुखावली, उगाच विषय काढला, या वयात तिला कशाला. गऱ्यातला चीक हाताला लागला तो ती कितीतरी वेळ चोळत बसली.

मग म्हणाली, "ती पोचेवाल्या कळशीची आठवते तुला?"

म्हटलं, आठवते.

"तिच्या घरात म्हातारी होती आजारी, बिछान्यात. सकाळचं पाणी पुरायचं नाही. दुपारी सगळं निजलं की यायची ती. स्वतः काढायची." आईने कोपऱ्यातल्या रहाटाकडे बघितलं, त्यावर वहिनीने आता मनीप्लांटची बाटली ठेवलीय. "मला माहीत होतं. सासूबाईंना नाही बोलले कधी."

मी काहीच बोलले नाही. मला तो करकर आवाज ऐकू यायला लागला होता.

"तू विचारायचीस मला, कोण ओढतंय म्हणून."

"तू वारा म्हणायचीस."

"वाऱ्याने कुठे रहाट फिरतो गो," आई म्हणाली. "दोन कळशा न्यायची. मी पडल्या पडल्या मोजायचे. दुसरी वर आली की आवाज थांबायचा, मग मी कूस बदलायचे."